दाराच्या आत काय ऐकू येतं

माशापर्यंत ती नीट ऐकत होती. नीट म्हणजे तिच्या रोजच्या पद्धतीने, अर्धं लक्ष बोलणाऱ्याकडे आणि अर्धं छताच्या पंख्याकडे. कारण हा पंखा दर फेरीला एकदा कण्हायचा आणि ते कण्हणं फिल्ममध्ये कुठे खपवता येईल याचा ती बरेच दिवस विचार करत होती. टेबलाच्या पलीकडे डोळा बोलत होता. लहानपणी रविवारी दुपारी वडील त्याला एका घरी घेऊन जायचे, स्वतः आत जायचे आणि त्याला बाहेर पायरीवर बसवून ठेवायचे, असं काहीसं. "आणि दारावर खाली," तो म्हणाला, "बसल्यावर माझं डोकं जिथे यायचं तिथे, माशाचा एक स्टिकर होता. निळा मासा. शेपटीकडून कुणीतरी खरवडला होता, डोकं तेवढं राहिलं होतं. मी बसल्या बसल्या उरलेला नखाने काढायला बघायचो, पण निघायचा नाही." तिला आधी फक्त गंमत वाटली, की अरे, आमच्याही दारावर असाच मासा होता. मग आठवलं, की आपल्या माशाचीही शेपटीच गेली होती. आईने उलथन्याने खरवडायला घेतला आणि दाराचा रंग निघायला लागला म्हणून अर्ध्यावर सोडून दिला. मग तिने स्वतःची समजूत काढली, की जगात माशांचे स्टिकर काय थोडे आहेत, दूध पावडरीच्या डब्यावर फुकट मिळायचे, घरोघरी मासेच मासे. आणि तेवढ्यात डोळा म्हणाला, "बेल मात्र कधी वाजायची नाही. बाबा बटण दाबायचे, आत काहीसुद्धा वाजायचं नाही, आणि तरी दार लगेच उघडायचं." मासे घरोघरी असतील. न वाजणारी बेल तिने आयुष्यात एकाच घरी पाहिली होती, आणि त्या घरात ती लहानाची मोठी झाली होती.

डोळा हे अर्थातच कुणाच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. फिल्मच्या शाळेत दर वर्षी गटागटाने एक छोटी फिल्म करावी लागते, आणि गट पडले की नावंही पडतात. कॅमेरा धरणारा तो डोळा. सगळ्यांनी जीव ओतून केलेलं निम्मं कापून फेकणारी ती कात्री. दिग्दर्शन करणाऱ्याने स्वतःसाठी 'मेंदू' असं नाव सुचवून पाहिलं होतं, पण त्याची दिवसभराची टकळी ऐकून बाकीच्यांनी एकमताने त्याला तोंड ठरवलं. आणि आवाजाचं काम बघणारी म्हणून ती कान. या नावात एक विनोद होता, तो फक्त तिला एकटीलाच कळायचा आणि दोन वर्षांत तिने तो कुणालाही सांगितला नव्हता: कानाची आई ठार बहिरी होती. लाज वाटायची म्हणून नव्हे. पण सांगितलं की लोक आधी चुकचुकतात आणि मग डोळे बारीक करून विचारतात, म्हणूनच तू आवाजाकडे वळलीस का गं? आता याचं उत्तर काय द्यायचं? तिला ते माहीत असतं तर ती इथे पंख्याचं कण्हणं ऐकत कशाला बसली असती.

फिल्मची सुरुवात कशी करायची हे ठरवण्यासाठी तोंडाने एक पद्धत काढली होती आणि गटाने ती मान्य केली होती. प्रत्येकाने लहानपणची एक खरी आठवण सांगायची. चारातली एक निवडायची. निवडली की ती आठवण गटाची झाली. ज्याची होती त्याने मग 'असं नव्हतं, तसं होतं' म्हणायचं नाही, आणि त्याला जे ठाऊक नाही ते बाकीच्यांनी भरायचं. "दिलं ते दिलं," तोंड म्हणालं होतं, "देऊन मग मागे फिरायचं नाही." बोलायला तो तोंड असला तरी पद्धत वाईट नव्हती. मागच्या फिल्मला कात्रीची हरवलेल्या चपलेची आठवण निवडली होती, आणि शेवटी ती चप्पल एका म्हाताऱ्याची झाली तरी कात्रीने हूं की चूं केलं नाही. आज डोळ्याची आठवण ऐकता ऐकताच निवडली गेली होती, हे तोंडाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने टेबलावर पुठ्ठ्याची एक फाइल उभी करून तिचं दार केलं होतं आणि तिच्यापुढे खडूचा एक तुकडा बसवला होता. तो खडू म्हणजे डोळा, सहा वर्षांचा. फाइलच्या आत, म्हणजे तिच्या बाजूला, टेबल रिकामं होतं. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. आपण आत बसलो आहोत, असं तिला स्पष्ट वाटलं. खडू पलीकडे, आपण इकडे, आणि मधे दार.

बेल वाजायची नाही कारण बेलच्या तारेला दिवा जोडलेला होता. कुणी बटण दाबलं की बैठकीच्या खोलीत पिवळा दिवा लागायचा आणि स्वयंपाकघरात दुसरा, आणि आई हातातलं टाकून दार उघडायला जायची. नवव्या वर्षी तापात आईचं ऐकणं गेलं. बोलणं राहिलं, सपाट, एकाच पट्टीतलं, शेजाऱ्यांना भांडण वाटेल असं. ओठ वाचणं तिने स्वतःचं स्वतः कमावलं, इतकं की रस्त्याच्या पलीकडे दोन बायका काय कुजबुजताहेत हे ती लेकीला इकडे सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. पुढे ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत तेच शिकवायला लागली, आणि रविवारी दुपारी घरी मोठी माणसं यायची. भर उमेदीत कान चाललेली माणसं. शाळेत गेलं तर बोभाटा होतो, कानाला यंत्र लावलं तर दिसतं, म्हणून ती आईकडे यायची, एकेकटी, चोरासारखी. आईचा नियम एकच: शिकवणीच्या वेळी आवाज काढायचा नाही. प्रश्न ओठांनी, उत्तरही ओठांनी. त्या दुपारी त्या घरात एकच आवाज असायचा, आणि तो आईला ऐकूच यायचा नाही, त्यामुळे तिच्या नियमाला त्याचा धक्काही लागायचा नाही. तो आवाज लेकीला आठवला, आणि नेमका त्याच क्षणी डोळा फाइलच्या पलीकडून तो आवाज सांगत होता.

"बोलण्याचा आवाज कधीच नाही. बाई आहे, बाबा आहेत, पण एक शब्द नाही. फक्त कधीकधी घोरणं ऐकू यायचं. मोठ्ठं. म्हणजे बाबा जाऊन सरळ झोपायचे तिथे."

"वा!" तोंडाने टेबलावर थाप मारली, खडू आडवा झाला. "वा रे वा! आता याच्यापेक्षा जास्त दाखवायची गरजच नाही. दार, पोरगं, आणि आतून बापाचं घोरणं. अख्खं प्रकरण एका आवाजात! कान, ऐकतेयस ना? तुझं काम आहे हे."

ती ऐकत होती. घोरायचे ते तिचे वडील. रात्रपाळी करून आलेले, आतल्या खोलीत, तोंड उघडं टाकून, रविवारची दुपारच्या दुपार. ते अजूनही तसेच घोरतात आणि आई अजूनही म्हणते, की बहिरी झाले म्हणून संसार झाला. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायला काय हरकत होती? एका वाक्याचं काम होतं. पण तोवर डोळा पुढचं बोलला होता, आणि ते त्याने तोंडाला नव्हे, खडूला उचलून नीट बसवता बसवता, खडूलाच सांगितल्यासारखं सांगितलं.

"मीच सांगितलं आईला. ती नर्स होती, रविवारी तिची ड्यूटी असायची, म्हणून बाबा मला बरोबर न्यायचे. एकदा तिने सहज विचारलं, काय करतात रे तिथे तुझे बाबा? मी म्हटलं, झोपतात." तो थोडा हसला. "पुढच्या रविवारी तिने रजा काढली आणि मागोमाग आली. मग आम्ही दोघं मामाकडे राहायला गेलो. संपलं. एका शब्दात घर मोडलं मी."

कात्रीने हातातलं पेन खाली ठेवलं. पंखा कण्हला. मघाशी जे एका वाक्याचं काम वाटत होतं ते आता तिच्या, कानाच्या, छातीवर येऊन बसलं. सांगितलं तर याला बाप परत मिळेल, हे खरंच. पण त्या बापाबरोबर हेही मिळेल, की आपण दिलेली साक्ष खोटी होती. सहा वर्षांच्या पोराने एक शब्द चुकीचा सांगितला आणि आईने, मामाने, सगळ्यांनी त्याच्यावर आयुष्य रचलं. आज तो एका लबाड बापाचा खरं बोललेला मुलगा आहे. उद्या तो कोण असेल? हे आपण याच्या पदरात टाकायचं, चहाबिस्किटांच्या टेबलावर, फिल्मच्या सुरुवातीसाठी? आणि नाही सांगितलं तर तिलाच हे दार बांधून द्यावं लागेल, त्यामागे घोरणं ठेवावं लागेल, कदाचित स्वतःच्या वडिलांचंच, आणि मोठ्या पडद्यावर हा ते बघेल आणि म्हणेल, हो, अगदी असंच होतं.

"बाबा कसे दिसायचे बोलताना?" तोंडाने जरा हळू विचारलं. "तेव्हा, म्हणजे ते सगळं चालू असताना."

"कसे म्हणजे, चोरासारखे. डोळ्यांत बघायचेच नाहीत. आधी बघायचे, पण तेव्हापासून माझ्याशी बोलताना इथे बघायचे." डोळ्याने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "आईशीसुद्धा. ती म्हणायची, नजर चोरतोय मेला. आणि खरंच होतं. पुढे बसही सोडली त्यांनी. ड्रायव्हर होते, चांगली पक्की नोकरी, तर डेपोत टायर बघायला लागले. आता करतात कधी फोन. म्हणजे करायचे. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सांगितलं, बाबा, आई सिरीयस आहे, तर म्हणाले, 'छान, छान. जेवलास का?' मी फोन ठेवला. तेव्हापासून उचलतच नाही."

"राक्षस आहे," कात्री पुटपुटली.

"हनुवटी!" तोंडाला कंठ फुटला. "सुरुवातीच्या सुरुवातीला तेच घेऊ. अगदी जवळून. माणूस बोलतोय आणि त्याची नजर समोरच्याच्या हनुवटीवर. बघणाऱ्याला लगेच कळेल, हा गुन्हेगार आहे."

हनुवटीवर नाही, ती मनात ओरडली. ओठांवर. तिला एकाएकी ते काका समोर दिसले, इतकी वर्षं ज्यांचा चेहरा तिला आठवला नसता. बसवाले काका. खाकी पँट, हातांना ग्रीसचा वास, गुडघ्यांवर गुडघे टेकतील इतक्या जवळ ओढलेली खुर्ची, आणि तिच्या ओठांवर रोखलेली ती केविलवाणी, हावरी नजर. भूक लागलेला माणूस ताटाकडे बघतो तसे ते तोंडाकडे बघायचे. आणि हे लोक म्हणतात गुन्हेगार. तिला बसवेना. "आलेच," असं म्हणून ती उठली. तोंड मागून म्हणालं, "जा, पण येताना ठरवून ये, दारामागे नुसतं घोरणं की बाईचं थोडं हसूही?" कात्री म्हणाली, "बांगड्या ठेव, हसू नको." आणि ती दार ओढून घेऊन व्हरांड्यात आली. व्हरांड्यात लाइटचे स्टँड भिंतीला टेकून उभे होते आणि कुणीतरी गुंडाळायची सोडून दिलेली केबल जिन्यापर्यंत पसरली होती. तिने भिंतीला पाठ लावली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईशी फोनवर बोलायचं तर चेहऱ्यावर उजेड हवा. ती सरकून खिडकीपाशी गेली. पलीकडे आधी छत दिसलं, मग आईचं अर्धं कपाळ, मग सगळी आई. "काय झालं?" आईने तिच्या सपाट आवाजात विचारलं. "चेहरा कसा झालाय तुझा!" आईला आवाज ऐकू येत नसे म्हणून तिच्यापासून काही लपवता येतं असं नव्हे, उलटंच होतं.

"आई, बसवाले काका आठवतात तुला? त्यांचा मुलगा माझ्या गटात आहे. दोन वर्षं. मला आज कळलं." ती आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलत होती, कारण दारापलीकडे मंडळी होती.

आईने फोन डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाली, "पायरीवर बसायचा तो?"

"तुला माहीत होतं? आत का नाही घेतलंस त्याला?"

"मी म्हटलं होतं, आत घ्या. ते नको म्हणाले. पोर भोळं आहे, डेपोत बोलून जाईल, म्हणाले. मॅडम, गाडी गेली तर मी काय करू? मी म्हटलं, गाडी सोडा, लोकांचे जीव आहेत. दर रविवारी म्हणायचे मी. ऐकलं शेवटी त्यांनी. पण आधी शपथ घातली मला, बायकोलासुद्धा कळता कामा नये. ती नर्स आहे, ती एक दिवस गाडी चालवू देणार नाही."

"आणि ती आली होती ना गं दारात? ती बाई? ओरडत होती ती?"

"ओरडत होती का ते मला काय माहीत," आई म्हणाली, आणि तशाही स्थितीत ते अगदी आईसारखं होतं. "पण जे म्हणाली ते सगळं वाचलं मी. एक शब्द सुटला नाही. मी तिला सांगणारच होते. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात त्यांनी मागून माझा दंड धरला, की नको." आई थांबली. "बहिऱ्या माणसाला थांबवायचं तर हात लावावाच लागतो. दुसरं काय करणार ते? पण तिने तो हात बघितला. मग तिला काय सांगायचं राहिलं?"

दंडावरचा तो हात तिलाही आठवला. ती दोघांच्या मागे, खुर्चीत, पाय लोंबकळवत बसली होती, आणि दारातली बाई बोलता बोलता एकदम थांबली आणि वळून गेली. तेव्हा तिला वाटलं होतं, काकू घर चुकल्या. आईनेही तसंच सांगितलं होतं. मग आई मोरीवर गेली आणि कितीतरी वेळ कोपरापर्यंत हात धूत राहिली. ते हात धुणं तिच्या मनात कुठेतरी पडून होतं, कशाचं आहे ते माहीत नसलेलं, आणि आज ते जागेवर जाऊन बसलं.

"आई, तो म्हणतो, त्यानेच घर मोडलं. बाबांचं घोरणं ऐकून."

आईला पहिल्यांदा कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. मग आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आईने मान फिरवून आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे कदाचित आत्ताही तेच चालू होतं, आणि तोंडावर हात ठेवला. घरात इतका मोठा आवाज आहे, की तो दाराबाहेर जातो, पायरीवर बसलेल्या पोरापर्यंत जातो, हे तिला आज, इतक्या वर्षांनी कळत होतं. लोक सांगत होते, नवरा घोरतो तुझा, आणि ती हसत होती.

"सांगू का मी त्याला?" तिने विचारलं.

"शपथ मी घेतली होती," आई म्हणाली. "तू सहा वर्षांची होतीस. तुझ्याकडून कुणी घेतली नव्हती." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "त्याला जवळ बसव. लांबून सांगू नकोस."

ती आत आली तेव्हा टेबलावर बरीच प्रगती झाली होती. फाइलच्या मागे आता एक स्टेपलर आणि एक रिकामी बाटली जवळजवळ झोपवली होती. बाटली म्हणजे तिची आई, हे कुणी सांगायला नको होतं. ती आपल्या जागेवर गेली नाही. टेबलाला वळसा घालून तिने खुर्ची ओढली आणि डोळ्यासमोर बसली, गुडघ्यांना गुडघे लागतील अशी.

"काय ठरलं?" तोंडाने विचारलं. "हसू की बांगड्या?"

"दारामागे आवाज नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता म्हणजे? तो स्वतः सांगतोय घोरणं... आणि हे बघ, आता 'असं नव्हतं' चालणार नाही. आठवण गटाची आहे. दिलं ते दिलं."

"त्याने दिली. मी नाही दिली," ती म्हणाली. "ही आठवण माझीही आहे. मी आत होते."

तिने सांगितलं. कसं सांगितलं ते तिला नंतर आठवेना. पण सांगायला वेळ फार लागला नाही, एवढीशी तर गोष्ट होती. दिव्याची बेल. आईने खरवडलेला मासा. बहिरं होत चाललेले, नोकरीच्या आणि बायकोच्या धास्तीने ओठ वाचायला शिकणारे एक ड्रायव्हर. आवाज न काढण्याचा नियम. हनुवटी नव्हे, ओठ. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून 'छान, छान, जेवलास का', हे कुठेही चालणारं उत्तर. डोळा तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरत होतं. असं नुसतं म्हणतात असं तिला वाटायचं, पण ते खरंच दिसतं, कपाळापासून खाली.

"आणि घोरणं?" त्याने विचारलं.

"माझे बाबा. आतल्या खोलीत. अजूनही घोरतात."

कात्रीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते दोन्ही हातांनी दाबलं, आणि मग तिचे डोळे भरून आले. तोंडाने हळूच हात पुढे करून बाटली उचलली, तिचं काय करावं ते त्याला कळेना, शेवटी मांडीवर धरून बसला.

"मी म्हटलं, झोपतात," डोळा म्हणाला. "आईने विचारलं आणि मी म्हटलं, झोपतात." तो उठायला गेला आणि उठला नाही. त्याला राग आला होता, हे तिला दिसलं. आणि बरं वाटलं, कारण रागाला निदान कुठेतरी जाता येतं. "खोटं आहे," तो म्हणाला. "बहिरे झाले, ठीक आहे. मग मला का नाही सांगितलं? आणि मी हाक मारायचो त्याचं काय? दर वेळी मारायचो. दाराला तोंड लावून. 'बाबा, किती वेळ?' एकदा तरी उत्तर द्यायचं! दारापाशीच होते ना? आई ड्यूटीवर, हे आत, मी एकटा त्या जिन्यात. एकदा, एकदा तरी..."

आणि तेव्हा तिला ते आठवलं. ते आजवर कधीच आठवलं नव्हतं, आणि आता आलं ते सबंध आलं, उन्हासकट, ग्रीसच्या वासासकट. काकांनीच आईला सांगितलं होतं: मॅडम, मोठ्यांचं मला आता कळतं, पण माझ्या पोराचं कळत नाही. त्याचे पुढचे दात पडलेत, तोंड एवढंसं. तुमची मुलगी त्याच्याच वयाची आहे, हिला बसवा माझ्यासमोर. म्हणून ती खुर्चीत असायची. म्हणून तिचं बोट धरून त्यांनी तिला जवळ ओढलं होतं. ती ओठांनी म्हणायची, मला भूक लागली. पेन्सिल हरवली. बाईंनी मारलं. मला कडेवर घ्या. पोराच्या वाट्याची सगळी वाक्यं. ते ओळखायचे आणि ओठांनीच उत्तर द्यायचे, आणि बरोबर आलं की आई टाळीसाठी हात पुढे करायची. आणि मधूनच दाराबाहेरून एक बारीक आवाज यायचा. तो त्या खोलीत फक्त तिलाच ऐकू यायचा. तिला वाटायचं, हेही वाक्य खेळातलंच आहे, बाहेरून सांगतात आणि मी म्हणायचं. ती म्हणायची.

तिने डोळ्याचं मनगट धरलं. "माझ्या तोंडाकडे बघ," ती म्हणाली. मग आवाज न काढता, सावकाश, सहा वर्षांची असताना म्हणायची तसं, ती म्हणाली, आणि त्याने ते वाचलं. पहिल्या खेपेला वाचलं. तीन शब्द तर होते, आणि त्याचेच होते.

"दर वेळी विचारायचास तू," ती म्हणाली. "आणि दर वेळी मी ते त्यांना सांगायचे. त्यांनी उत्तर दिलं नाही असं कधीच झालं नाही. हसायचे आणि म्हणायचे, 'झालंच रे, सोन्या.' पण आवाज काढायचा नाही असा नियम होता. आणि बघायचे माझ्याकडे. मला म्हणायचे."

त्याच्या घरी त्याला सोन्या म्हणत होते का, हे तिला माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. वर पंखा फेऱ्या मोजत होता आणि तिला तो ऐकू येत नव्हता. डोळ्याने खिशातून फोन काढला, आणि यादी खाली खाली सरकवत ते नाव शोधलं. नाव 'बाबा' नव्हतं, नुसतं 'डेपो' होतं. त्याने नंबर लावला आणि सवयीने फोन कानाला नेला. पलीकडे घंटा वाजायला लागली होती. तिने हात लांब करून फोन त्याच्या कानावरून काढून घेतला, तो कॉल तोडला, व्हिडिओचं बटण दाबलं आणि फोन त्याच्या चेहऱ्यासमोर धरला. तोंडाने न सांगताच उठून खिडकीचा पडदा बाजूला केला.

"नीट समोर धर," ती म्हणाली. "तोंड दिसू दे त्यांना."